कोल्हापूरहून चिकमंगळूर: कॉफीच्या डोंगरात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडं सहल ठरते ती बहुतेक वेळा गाडी कुणाची यावरून. गाडी ठरली की नकाशा उघडायचा आणि जवळजवळ दिसणारी सगळी नावं एका दमात जोडायची: मुरुडेश्वर, उडुपी, धर्मस्थळ, होरनाडू, शृंगेरी, बेलूर, आणि "वाटेतच आहे की" म्हणून चिकमंगळूर. पाच दिवसांत सगळं. देवदर्शन होतं, पुण्यही लागत असेल, पण कॉफीचे मळे गाडीच्या काचेतूनच बघून परत यावं लागतं.

हा लेख ज्यांना फक्त कॉफीचे डोंगर बघायचेत त्यांच्यासाठी आहे. माझं म्हणणं एवढंच: एकच मुक्काम धरा, चार रात्री राहा, आणि जाऊन-येऊन होईल तेवढंच बघा. घाटातले ४० किलोमीटर म्हणजे दीड तास. नकाशावरचं अंतर तिथं उपयोगाचं नाही.

आधी जागा पक्की करा

भारतात पिकणाऱ्या कॉफीतली साधारण ७० टक्के एकट्या कर्नाटकात होते, आणि तीही मुख्यतः तीन जिल्ह्यांत: कोडगू (म्हणजे कूर्ग), चिकमंगळूर आणि हासन. सगळ्यात जास्त पीक कोडगूचं. केरळात वायनाड आहे, तमिळनाडूत निलगिरी आणि येरकाड आहे, आंध्रात अरकू आहे. पण कोल्हापूरहून पहिल्यांदा जाणाऱ्यानं चिकमंगळूरच धरावं. ते सगळ्यात जवळ पडतं, उंचावरची अरेबिका आणि खालच्या बाजूची रोबस्टा या कॉफीच्या दोन्ही जाती बघायला मिळतात, आणि बेलूर-हळेबीडूची देवळं हाकेच्या अंतरावर आहेत. कोडगूला जायचं तर तिथून पुढं आणखी चार-साडेचार तास. त्यासाठी वेगळी सहल करा. दोन्ही एकत्र करायला गेलात तर अर्धी सुट्टी गाडीत जाईल.

भारतातल्या कॉफीची सुरुवातही याच डोंगरात झाली असं मानतात. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सुफी संतानं हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि इथल्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. ज्या रांगेत त्या लावल्या तिला आज बाबा बुडनगिरी म्हणतात.

कधी जायचं

कॉफीची पिकलेली लाल फळं आणि तोडणी बघायची असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी. तेव्हा अरेबिकाची तोडणी चालू असते; रोबस्टा जरा उशिरा येते, ती फेब्रुवारीपर्यंत आणि कुठं कुठं मार्चपर्यंतही चालते. थंडी गोड असते, सकाळी स्वेटर लागतो.

फुलं बघायची असतील तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. पण इथं तारीख ठरवून जाता येत नाही. कळ्या झाडावर पावसाची वाट बघत थांबलेल्या असतात. वळवाची एक चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत अख्खा डोंगर पांढरा होतो, जाईसारखा वास सुटतो, आणि तीन-चार दिवसांत सगळं संपतं. त्यामुळं ज्या मळ्यात उतरणार आहात तिथल्या मालकाला फोन करून "पाऊस झाला का?" विचारायचं आणि आठवड्याभरात निघायचं. सुट्टीचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागणाऱ्यांनी फुलांचा नाद सोडावा आणि तोडणीला जावं.

जून ते सप्टेंबर मलनाडचा, म्हणजे या डोंगराळ पट्ट्याचा पाऊस. गगनबावड्याचा पाऊस आवडणाऱ्यांना तोही आवडेल, पण वीज जाते, रस्ते खचतात, चारमाडी घाटासारख्या रस्त्यांवर निर्बंध येतात, आणि गवतातून चाललं की जळवा चढतात. पहिल्याच वेळी पावसाळा नको.

आता वार. बेंगळूरची गर्दी शुक्रवारी रात्री येते आणि रविवारी दुपारनंतर परतते. तुम्ही रविवारी दुपारी चारपर्यंत पोचा आणि गुरुवारी निघा. तोच डोंगर, तीच खोली, पण भाव उतरलेला आणि रस्ता मोकळा. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि जोडून आलेले शनिवार-रविवार टाळलेत तर निम्मं काम झालं.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा: दत्तजयंती. आपल्या जिल्ह्यात नरसोबाच्या वाडीला जी गर्दी होते तशीच त्या दिवसांत बाबा बुडनगिरीवर होते. तिथं दत्तपीठ आणि बाबा बुडन यांचा दर्गा एकाच गुहेत आहे, त्यावरून जुना वादही आहे, आणि त्या दिवसांत मोठा बंदोबस्त लागून पर्यटकांना डोंगरावर जायला बंदी घातली जाते. दर्शनाला जायचं असेल तर इतर कुठल्याही दिवशी जा.

कसं पोचायचं

स्वतःची गाडी असेल तर अंतर सुमारे ५०० किलोमीटर. कागल, कोगनोळी टोलनाका, निपाणी, संकेश्वर, बेळगाव, धारवाड, हुबळी, हावेरी, राणेबेन्नूर असा सरळ पुणे-बेंगळूर हायवे. पुढं दोन वाटा. एक, हरिहरजवळ हायवे सोडून होन्नाळी, शिवमोग्गा, भद्रावतीमार्गे तरीकेरे. दुसरी, दावणगेरेपर्यंत हायवेनंच जाऊन चन्नगिरीमार्गे तरीकेरे. अंतरात फार फरक नाही. दावणगेरेला बेण्णे दोसा खायचा असेल तर दुसरी वाट घ्या. लोण्यात भिजलेला तो दोसा खाल्ल्यावर ड्रायव्हरला मात्र अर्धा तास विश्रांती द्या. तरीकेरेहून लिंगदहळ्ळीमार्गे चिकमंगळूर साधारण ५५ किलोमीटर.

पहाटे पाचला कोल्हापूर सोडलं तर नाष्टा बेळगाव नाहीतर धारवाडात, आणि चहा-जेवणाचे थांबे धरून दुपारी चारपर्यंत मुक्कामी. चार म्हणजे चारच, सहा नाही. मळ्याकडं जाणारे शेवटचे आठ-दहा किलोमीटर अरुंद, वळणाचे आणि बिनदिव्यांचे असतात. हत्तींचा वावर असलेल्या भागात अंधारात गाडी घालू नये. धारवाड-हुबळी बायपास कित्येक वर्षं दुपदरीच होता आणि तिथं अपघात फार झालेत. रुंदीकरणाचं काम असेल तिथं ओव्हरटेकची घाई नको. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते निघायच्या आदल्या रात्री बघा, कोगनोळीच्या रांगेत नको.

इंधनाचा हिशेब असा: जाऊन-येऊन हजार आणि तिथं फिरायला अडीचशे किलोमीटर धरा. गाडी लिटरला १५ देत असेल तर ८३-८४ लिटर पेट्रोल, म्हणजे साडेआठ हजारांच्या आसपास. चौघांत वाटला तर रेल्वेपेक्षा फार महाग पडत नाही, आणि तिथं गाडी हाताशी राहते हा मोठा फायदा.

रेल्वेनं जायचं तर मिरजेवरून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे. ती रातोरात बेंगळूरला जाते, त्यामुळं बिरूर-कडूर अपरात्री येतं. कडूरपासून चिकमंगळूर ४० किलोमीटर. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्यापेक्षा दिवसाच्या गाडीनं हुबळी गाठा आणि तिथून पुढं बस पकडा. चिकमंगळूरला २०१३ पासून स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्या.

बसनं जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून हुबळीला कर्नाटकच्या बस मिळतात, पुढं शिवमोग्गा किंवा थेट चिकमंगळूर. महिलांना आपल्या एसटीत अर्धं तिकीट आहे ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. आणि कर्नाटकात महिलांना मोफत प्रवास आहे तो तिथल्या रहिवाशांना, आधार कार्ड बघून. कंडक्टरशी वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरं, सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बस काही दिवस बंद होतात. डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं त्या आठवड्यात निघत असाल तर आदल्या दिवशी स्टँडवर चौकशी करा.

मुक्काम: फोनवर काय विचारायचं

चिकमंगळूर शहरात लॉज आणि हॉटेलं भरपूर आहेत. पण तिथं राहिलात तर कॉफीचा मळा रोज गाठायला लागेल. मळ्यातल्या घरातच, म्हणजे होमस्टेत राहा. भाव बहुतेक ठिकाणी खोलीवर नसतो, माणशी असतो, आणि त्यात नाष्टा व दोन वेळचं जेवण धरलेलं असतं. साध्या ठिकाणी माणशी दीड ते अडीच हजार, झकपक ठिकाणी त्याच्या दुप्पट-तिप्पट.

फोटो बघून पैसे भरू नका, फोन करा. मालक कन्नड, हिंदी, इंग्रजी असं मिसळून बोलतात, अडचण येत नाही. विचारायचं ते असं: मळा तुमचा स्वतःचा आहे का? (बऱ्याच ठिकाणी होमस्टे नावाला, मळा शेजाऱ्याचा.) मळा फिरवून दाखवणार का, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का? आमची गाडी दारापर्यंत येते का, की पुढं तुमची जीप? पर्यटन खात्याकडं नोंदणी आहे का? वीज गेली तर काय सोय? मोबाईलला कुठल्या कंपनीची रेंज येते? शेवटचा प्रश्न गमतीचा वाटतो, पण ऑनलाइन पैसे द्यायचे म्हटल्यावर रेंज शोधत अंगणभर फिरावं लागतं. रोख रक्कम जवळ ठेवा.

आणि एक आपल्यासाठी. दहा-बारा जणांचा मित्रांचा ग्रुप म्हटलं की काही मालक जागा नाही म्हणून सांगतात. कारण उघड आहे. रात्री दहानंतर स्पीकर नको, शेकोटी सांगतील तिथंच, बाटल्या मळ्यात टाकायच्या नाहीत, एवढं आधीच स्वतःहून सांगितलंत तर समोरच्याचा आवाज बदलतो.

पहिला पूर्ण दिवस मळ्यातच

कुठंही जाऊ नका. सकाळी साडेसात-आठला मालकाबरोबर किंवा त्यानं दिलेल्या माणसाबरोबर मळ्यात उतरा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, पाण्याची बाटली. एकट्यानं उतरू नका, विशेषतः पहाटे आणि संध्याकाळी. मुडिगेरे, बेलूर, सकलेशपूर या पट्ट्यात रानहत्ती मळ्यात येतात आणि त्यात माणसं दगावलेली आहेत. मालक "आज खालच्या बाजूला नको" म्हणाला तर कारण न विचारता ऐका.

पहिल्यांदा जाणाऱ्याला हे शेत वाटतच नाही, जंगल वाटतं. वर सिल्व्हर ओक, फणस, जंगली झाडं; मधे पांगारा; झाडांच्या बुंध्यावर चढलेले मिरीचे वेल; आणि या सगळ्यांच्या सावलीत माणसाच्या उंचीला छाटून ठेवलेली कॉफीची झुडपं. भारतातली कॉफी अशी सावलीतच वाढवतात. सावलीमुळं जमीन थंड राहते, पालापाचोळ्याचं खत होतं, खोडकिडाही आटोक्यात राहतो, आणि कॉफीचा भाव पडला तर मिरी घर चालवते. अरेबिका नाजूक, तिला हजार मीटरच्या वरची हवा मानवते. पान लहान आणि चकचकीत. रोबस्टा खालच्या उंचीवर येते, पान मोठं, झाड दांडगं, रोगाला दाद न देणारं. दोन्हींची पानं शेजारी धरून बघितली की फरक पुन्हा विसरत नाही.

तोडणीच्या दिवसांत मालकाला विचारून एक पिकलेलं फळ हातात घ्या. बोरापेक्षा लहान, गडद लाल. दोन बोटांत दाबलं की साल फुटून आतून दोन हिरवट-पिवळ्या बिया सटकन बाहेर येतात, बुळबुळीत, चपट्या बाजूनं एकमेकींना चिकटलेल्या. जिभेवर ठेवून बघा: चव गोडसर लागते आणि कॉफीचा वास अजिबात येत नाही. तो वास भाजल्यावरच येतो. कधी एखाद्या फळात दोनऐवजी एकच गोल बी निघते. तिला पीबेरी म्हणतात, ती वेगळी निवडून विकतात.

अरेबिकाची तोडणी एका फेरीत होत नाही. एकाच फांदीवर लाल, पिवळी, हिरवी फळं असतात. त्यातली फक्त लाल हातानं खुडायची, मग पंधरवड्यानं पुन्हा यायचं, अशा तीन-चार फेऱ्या. कामगारांना बऱ्याच ठिकाणी किलोवर मजुरी असते, त्यामुळं त्यांना थांबवून फोटो काढू नका. प्रत्येक फोटोला त्यांची मूठभर फळं जातात. संध्याकाळी वजनकाट्यापाशी उभं राहून बघा, तेव्हा गप्पाही होतात.

तोडलेल्या फळांचं पुढं दोन प्रकारे काम चालतं. एक, पल्परमध्ये घालून साल काढायची, बुळबुळीत थर सुटावा म्हणून बिया टाकीत दीड-एक दिवस आंबवायच्या, धुवायच्या आणि वाळवायच्या. वाळल्यावर बीवर कागदासारखं पिवळसर टरफल राहतं, म्हणून हिला पार्चमेंट म्हणतात. दुसरी रीत सोपी: अख्खं फळच उन्हात काळं होईपर्यंत वाळवायचं, ती चेरी. अरेबिका जास्त करून पार्चमेंट होते, रोबस्टा जास्त करून चेरी. वाळवणीचं खळं दिसलं की कडेनं चाला. त्यावर चपला घालून जाणं म्हणजे आपल्या अंगणातल्या सांडग्या-पापडावरून कुणी बूट घालून जाण्यासारखंच आहे. चार रुपयांची चूक नाही ती; ओल्या बीला बाहेरचा वास पटकन लागतो आणि मालाची प्रत उतरते.

मळ्यात बघितलेलं नीट समजून घ्यायचं असेल तर चिकमंगळूर शहरात कॉफी बोर्डाचं कॉफी यात्रा नावाचं संग्रहालय आहे. सुट्टीच्या दिवशी बंद असू शकतं, विचारून जा. याच जिल्ह्यात बाळेहोन्नूरला केंद्रीय कॉफी संशोधन संस्था आहे, १९२५ पासूनची. तुम्ही बघाल त्यातली बरीच अरेबिका सिलेक्शन ७९५ या इथल्याच वाणाची असेल, मालकाला "सेव्हन नाईन फाइव्ह का?" असं विचारलंत तर तो खूश होऊन तासभर जास्त फिरवेल.

दुसरा दिवस: डोंगर

मुळ्ळय्यनगिरी हे कर्नाटकातलं सर्वोच्च शिखर, सुमारे १,९३० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं आहे, म्हणजे त्याच्यापेक्षा उंच. पण घाबरायचं कारण नाही, गाडी बरीच वरपर्यंत जाते, पुढं पायऱ्या. वर छोटं देऊळ आणि चारी बाजूंना गवताळ डोंगर. वारा मात्र टोपी उडवून नेणारा.

गर्दी हाताबाहेर गेल्यानं जिल्हा प्रशासनानं इथल्या गाड्यांवर मर्यादा घातली आहे आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. नियम बदलत राहतात, त्यामुळं निघायच्या आठवड्यात होमस्टेच्या मालकाकडून ताजी माहिती घ्या आणि सकाळचीच वेळ मागा. दुपारनंतर धुकं चढलं की समोरचा माणूस दिसत नाही, दरी कसली दिसणार. टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन येणाऱ्यांनी तेवढी लांब गाडी वर सोडतात का हेही आधीच विचारावं, नाहीतर खाली जीप ठरवावी लागते. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला वाट द्यायची हा घाटाचा नियम तिथंही आहे.

त्याच रांगेत पुढं सीताळय्यनगिरी, बाबा बुडनगिरी, आणि झरी धबधबा, जिथं शेवटचा तुकडा जीपनंच करावा लागतो. जीपचे पैसे आधी ठरवा: एका माणसाचे की अख्ख्या जीपचे, आणि वर किती वेळ थांबणार. केम्मणगुंडी आणि हेब्बे धबधबा हाही छान दिवस आहे, म्हैसूरचे राजे कृष्णराज वडियार चौथे उन्हाळ्यात तिथं राहायला यायचे, पण दोन्ही एका दिवसात करू नका. मी तर म्हणेन, दुपारी मुक्कामी परत या आणि संध्याकाळी हिरेकोळले तळ्यावर जाऊन बसा. रंकाळ्यावर बसणाऱ्यांना तळ्याकाठी काय करायचं हे सांगायला नको. फक्त तिथं भेळ मिळणार नाही.

तिसरा दिवस: बेलूर आणि हळेबीडू

चिकमंगळूरहून बेलूर २५ किलोमीटर, पुढं हळेबीडू १६. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला परत. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर होयसळ राजा विष्णुवर्धनानं इ.स. १११७ मध्ये बांधलं. तिथं आजही पूजा चालते. हळेबीडूचं होयसळेश्वर त्याच शतकातलं. सोमनाथपूरसह ही दोन्ही देवळं २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली.

ज्यांनी शिरोळ तालुक्यातलं खिद्रापूरचं देऊळ बघितलंय त्यांना इथं बघायला जास्त मजा येईल. खिद्रापूरचा दगड काळा, कठीण. इथला दगड ताजा असताना मऊ असतो आणि हवा लागून घट्ट होतो, म्हणून मूर्तीच्या गळ्यातल्या हारातला एकेक मणी सुटा कोरता आला. हळेबीडूच्या बाहेरच्या भिंतीवर खालून वर पट्ट्या बघत जा: आधी हत्ती, मग सिंह, मग वेलबुट्टी, घोडेस्वार, आणि वर रामायण-महाभारत. गाईड घ्याच, हिंदी बोलणारे मिळतात. दोन्हीकडं चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अकरानंतर दगड तापतो, त्यामुळं पायमोजे जवळ असू द्या.

परतीच्या दिवशी तरीकेरेवरूनच येणार असाल तर तिथून जवळच अमृतापूरला अमृतेश्वराचं देऊळ आहे, ११९६ चं. बेलूरची गर्दी तिथं नसते. अर्धा तास पुरतो.

खाणं

सकाळी तांदळाच्या पिठाची अक्की रोट्टी चटणीबरोबर, नाहीतर नीर दोसा, कडुबू (तांदळाचे वाफवलेले गोळे), पत्रोडे (अळूवडीसारखा प्रकार), दुपारी भात आणि कोळी सारू, म्हणजे कोंबडीचा रस्सा. तिखट आहे, पण काळ्या मिरीचं. तांबड्या-पांढऱ्याची सवय असलेल्याला दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी हात कांदा-लसूण चटणीच्या डबीकडं जातो. डबी न्या, कुणी हसत नाही. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा.

हॉटेलात कॉफी मागताना "सक्करे कम्मी" म्हणा, म्हणजे साखर कमी. तरी ती आपल्या हिशेबानं गोडच येते. दोघांत एक हवी असेल तर "बाय-टू" म्हणायचं, अख्ख्या कर्नाटकात चालतं.

कॉफी घरी आणताना

शहरातल्या भाजून-दळून देणाऱ्या दुकानातून घ्या, पर्यटकांच्या मसाला-चॉकलेटच्या दुकानातून नको. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो: चिकोरी किती? चिकोरी हे एक मूळ आहे, भाजून दळून कॉफीत मिसळतात. त्यानं रंग गडद होतो, दाटपणा येतो आणि भाव उतरतो. पाकिटावर तिचं प्रमाण छापणं बंधनकारक आहे. दुधाची कॉफी पिणाऱ्यांना ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी हे प्रमाण आवडतं. ६०-४० घेतलीत तर कॉफीपेक्षा चिकोरीच प्याल. काळी कॉफी पिणार असाल तर शुद्ध अरेबिका, मध्यम भाजलेली. पाव-पाव किलोच घ्या. दळलेल्या पुडीचा वास महिन्याभरात उडून जातो. उदमांजराच्या पोटातून आलेली म्हणून सोन्याच्या भावानं विकतात त्या बरणीपासून लांब राहा, पाकिटावर कुणीही काहीही छापू शकतं.

बरोबर पितळी नाहीतर स्टीलचा फिल्टर घ्या. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड, चकतीनं हलकं दाबा, जोर नको. उकळी आलेलं पाणी मिनिटभर थांबवून, मग ओता. झाकण ठेवून वीस मिनिटं हात लावायचा नाही. खाली उतरतं ते डिकॉक्शन. चकती फार दाबली तर पाणी उतरतच नाही. फार सैल ठेवली तर झरझर उतरून पाणचट होतं. पहिल्या दोन वेळा चुकणार, हे धरून चाला.

शेवटची अडचण खास कोल्हापूरची. तिकडच्या कॉफीत गाईचं पातळ दूध असतं. आपलं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं म्हशीचं दूध तसंच घातलं तर नुसती साय लागते, कॉफी कुठं गेली कळत नाही. दुधात चौथा हिस्सा पाणी घालून उकळा, डिकॉक्शन थोडं वाढवा, साखर शेवटी. उरलेलं डिकॉक्शन फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. ते पुन्हा उकळू नका, कडू होतं. गरम दूधच त्यावर ओता.